साहेब, म्या बी मारू का?

मंजिरीनं माझ्या मांडीवर घमेलं ठेवलं.

लोखंडी. नवं कोरं. कडेला दुकानाचं लेबल तसंच चिकटलेलं. त्याच्यावर एक लुगडं टाकलं, मुद्दाम ठिगळं लावून आणलेलं. गोल्फ क्लबाच्या हॉलमधी सगळे मेंबर बसलेले. चहा फिरून राह्यला होता.

"तू दगड वेचणारी बाई कर," ती म्हणली. "तुझ्याइतकं नॅचरल कुणालाच जमणार नाही."

कोणी हसलं न्हाई. हसले असते तर सोपं झालं असतं. सगळ्यांनी माना डोलवल्या. बराबर माणूस बराबर जागी बसलं, अशा.

मी डेंटिस्ट हाय. जालन्यात माझा स्वतःचा दवाखाना हाय. त्या हॉलमधल्या अर्ध्या लोकांनी माझ्यासमोर आ केलेला हाय. पण त्या घडीला माझ्या मांडीवर घमेलं होतं. आन मी म्हणले, "बरं."

क्लबाचा वर्धापनदिन जवळ आल्ता. त्या दिवशी क्लबाचा इतिहास नाटुकलं करून दाखवायचा, असं ठरल्तं. लिहिलं मंजिरीनं. बसवून राह्यली तीच. आधी उजाड माळ. मंग बाया दगड वेचतात. मंग तिचे वडील, आबासाहेब, पहिला बॉल मारतात. मंग ते आपल्या बायकोच्या हातात काठी देतात. मंजिरी स्वतः तिच्या आईचं काम करणार होती. आई वारून दोन-तीन वर्षं झाल्ती, म्हणून हॉलमधी सगळ्यांना ते फार हळवं वाटलं.

माझ्या वाट्याला एकच वाक्य. दगड वेचता वेचता बाई थांबते, पुढं येते, पदर खोवते आन म्हणते, "साहेब, म्या बी मारू का?"

"इथं लोक जाम हसतील," मंजिरी म्हणली. "आबांचा आवडता किस्सा आहे. खराच घडलेला."

आबासाहेब पुढच्या खुर्चीत बसल्ते. ते मोकळेपणानं हसले. त्यांची कवळी मीच बसवलेली हाय. दात चांगले दिसत होते.

मंजिरी आन मी एका गावच्या. जालन्याहून अंबडकडं जाताना आमचं गाव लागतं. तिचं घर चावडीला लागून, दोन मजली. आमचं बुद्धवाड्यात. शाळा एक, वर्ग एक. मी तिच्यावर जळायचे. सरळच सांगते. असली गोष्ट लोक आडून सांगतात, मी न्हाई सांगणार.

तिच्या कपड्यावर न्हाई जळले मी. सायकलवर न्हाई. ती विसरू शकायची, त्याच्यावर जळायचे. कंपास विसरायची, गुरुजी म्हणायचे, "असू दे गं." पाढे चुकायची आन खळखळून हसायची, गुरुजी पण हसायचे. मी कव्हाच काही विसरले न्हाई. माझी ऐपत नव्हती. मी चुकले असते तर गुरुजी म्हणले असते, "ह्यांचं असंच." ह्यांचं. मला एकटीनं चुकता येत नव्हतं. मी चुकले की सगळा वाडा चुकायचा.

पहिला नंबर माझाच यायचा. तो घेऊन मी घरी यायचे, तरी पोटात जळायचं. कारण ती नापास जरी झाली असती तरी मंजिरीच राह्यली असती.

आन ती वाईट नव्हती. वाईट असती तर मी निवांत तिचा राग केला असता. ती मला बोरं द्यायची. माझ्याशेजारी बसायची. "तू आमच्यातलीच आहेस गं," म्हणायची. आमच्यातली! म्हणजे मी कुठून तरी बाहेरून आल्ते, आन तिनं मला आत घेतल्तं.

क्लबाचा इतिहास म्हणाल तर गावाला सगळा ठाऊक हाय. माळ आबासाहेबांचा. नुसता दगड आन कुसळ. ते एकदा पुण्याला पाव्हणे म्हणून गेल्ते, तिथं त्यांनी गोल्फ पाह्यला. आल्यावर म्हणले, आपण बी करू. गाव म्हणलं, आबाचं डोस्कं फिरलं. पण जालन्याचे बियाणेवाले आले, लोखंडवाले आले, दोन-चार डॉक्टर आले. क्लब झाला. पहिल्यानं हिरवळ कसली न् काय. बॉल ज्यात पाडायचा त्या होलच्या भवती वाळू अंथरायचे आन वाळूत गॅरेजातलं काळं ऑईल कालवायचे, म्हणजे वाळू उडत न्हाई आन बॉल सरळ घरंगळतो. रविवारी साहेब लोक ऑईलचे बूट घेऊन घरी जायचे.

मंग बोअर झाले, शेततळं झालं, गवत आलं. उन्हाळ्यात गावात टँकर यायचा. हंडे, भांडणं, सगळं. आन माळावर फवारे फिरायचे. मी तव्हा वसतिगृहात राहून शिकत होते. सुट्टीत घरी येताना एस्टीच्या खिडकीतून ते गवत दिसायचं. ओलं, चमकणारं. मला त्या गवताचा हेवा वाटायचा. माणूस गवतावर जळतं, हे कुणाला सांगावं?

पुढं माझा दवाखाना चालायला लागला. आबासाहेबांची कवळी झाली. ते आरशात बघून खूष झाले आन म्हणले, "डॉक्टरीणबाई, आपल्या क्लबाच्या मेंबर व्हा. आपल्याकडं भेदभाव बिलकुल नाही." माझं नाव मंजिरीनं सुचवलं. मी घरी आले ती जवळजवळ पळतच. माय माझ्याजवळच राह्यते. तिला सांगितलं. ती म्हणली, "त्या माळावर?" एवढंच. मंग भाकरी थापायला लागली.

मी खेळ शिकले. कसा शिकले ते मलाच ठाऊक. दुपारी दवाखाना बंद ठेवून गच्चीवर जुनी गादी टांगायची आन तिच्यावर बॉल मारायचे. हाताला घट्टे पडले. वर्षाच्या आत मी मंजिरीपेक्षा चांगली खेळायला लागले. तरी तिच्यावरच जळायचे. तिचा फटका चुकायचा, काठी जमिनीत घुसायची, गवताचा लपका उडायचा, आन ती कमरेवर हात ठेवून हसायची. सगळे हसायचे. परत मारायची. माझा फटका चुकला की सगळे गप्प बसायचे, सांभाळून घेतल्यासारखे.

गोल्फमधी कच्च्या खेळाडूला सवलतीचे फटके मिळतात. त्याला हँडिकॅप म्हणतात. सगळ्यांना असतो. आबासाहेबांना सगळ्यात जास्त हाय, वयामुळं. मला पहिल्यांदा हँडिकॅप मिळाला त्या दिवशी एक बियाणेवाला म्हणला, "काय डॉक्टरीणबाई, सवलत तुम्हाला इथं पण लागली का?"

त्या दिवशी मात्र सगळे हसले. मंजिरी पण हसली. मंग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणली, "मनावर घेऊ नको गं, चेष्टा करतात." मी मनावर घेतलं न्हाई असं दाखवलं. ते दाखवण्यात मी लई पटाईत झाल्ते.

तर नाटुकल्याची कामं वाटली त्या दिवशी मी घमेलं घेऊन घरी आले. गाडीच्या मागच्या सीटवर होतं, वळणावर खणखण वाजत होतं. घरात माय तूर निवडून राह्यली होती.

"हे काऊन आणलं?" ती म्हणली. "बांधकाम काढलं का काय?"

मी हसत हसत सांगितलं. नाटुकलं हाय, क्लबाचा इतिहास हाय, मला एक काम दिलंय. आन तिला ते वाक्य करून दाखवलं. तालमीत शिकवलं होतं तसंच. पदर खोवून, मान वाकडी करून.

"साहेब, म्या बी मारू का?"

मायचा हात सुपात थांबला.

"कोण म्हणलं हे?"

"असंल कुणी बाई. जुना किस्सा हाय त्यांचा."

"कुणी न्हाई," माय म्हणली. "म्या म्हणलं व्हतं."

मी खाली बसले. ती दगड वेचायला गेल्ती हे मला ठाऊक होतं. वाड्यातल्या बऱ्याच बाया गेल्त्या. पण पुढचं न्हाई.

तिनं सूप बाजूला ठेवलं न्हाई. निवडत निवडतच सांगितलं.

"सारा उन्हाळा दगडं वेचले आम्ही. मंग एक दिस पाव्हणे येणार म्हणले, फोटो काढायचे हायेत, तुम्ही बाया बाभळीमागं व्हा. झालो मागं. आबानं चेंडू मारला. काय गेला म्हणू, माय! घारीवाणी गेला. मला ऱ्हावलं न्हाई, म्या टाळ्या वाजवल्या. मंग त्यानं बायकूच्या हातात काठी देली. तिनं मारली ती भुईवर. नुसती माती उडाली. तरी सगळ्यायनं टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, माती उडवाया तर मला बी येती की. म्हणून गेले पुढं."

"मंग?"

"मंग काय. हसले. लई हसले. आबा तर हसू हसू खालीच बसला. आन एक जण म्हणला, मंग काठी धुवावी लागंल."

नाटुकल्यात हे वाक्य नव्हतं.

"माय, तू मला कव्हाच सांगितलं न्हाईस."

"दगडं वेचले ते सांगितलंच की. त्याची काय लाज? कामच व्हतं ते." तिनं एक खडा काढून टाकला. "मला हौस आल्ती, त्याची लाज वाटली. घरी येऊन तुझ्या बापाला पण सांगितलं न्हाई."

एवढी वर्षं मला वाटत होतं, हा हेवा माझ्या एकटीचा हाय. माझ्यातच काही तरी कोतं हाय. मी शिकले, दवाखाना टाकला, गाडी घेतली, तरी पोटातली आग जाईना, म्हणजे माझंच मन लहान. असंच शिकवतात ना? दुसऱ्याचं बघून जळू नये. शिकवतं कोण? ज्याच्याजवळ हाय तो. त्या दिवशी मायकडं बघताना मला कळलं, हे माझ्याआधीचं हाय. तिनं एक चेंडू वर जाताना पाह्यला आन तिला वाटलं, मला बी पाह्यजे. एवढाच तिचा गुन्हा. आन त्यांनी त्याचा किस्सा केला. दरसाल चहासंगं सांगायचा.

मंजिरी स्टेजवर तिच्या आईचं काम करणार होती. मी माझ्या मायचं. तिची आई चुकली तर तो इतिहास. माझ्या मायनं नुसतं विचारलं तर तो विनोद.

पुढच्या तालमीला मी घमेलं आन लुगडं घेऊन गेले. मंजिरीला सगळ्यांसमोर सांगितलं, "ती बाई माझी आई होती."

तिचे डोळे भरून आले. खरंच आले, खोटं न्हाई सांगत. तिनं मला मिठी मारली.

"अगं, किती भारी! मग मावशींनाच बोलवू ना. सत्कार करू. शाल, श्रीफळ. आबा आणि मावशी एका स्टेजवर, मस्त फोटो येईल!"

मला वाटल्तं, तिचा चेहरा पडंल. ती गप्प होईल. एक शब्द तरी म्हणंल. तिनं फोटो ठरवून टाकला.

"सत्कार नको," मी म्हणले. "ते वाक्य काढ. नाही तर त्याच्या पुढचं पण टाक."

"पुढचं कुठलं?"

"मंग काठी धुवावी लागंल."

आबासाहेब म्हणले, "असं कुणी म्हणलं नव्हतं." मंग स्वतःच म्हणले, "म्हणलं असेल कुणी, चेष्टेत. आता कुठं राहिलंय ते सगळं, डॉक्टरीणबाई? तुम्ही मेंबर आहात ना इथं?"

"तेच," मंजिरी म्हणली. "अगं, आम्ही प्रेमानं सांगतो तो किस्सा. त्यात अपमान कुठं आला?"

मी घमेलं तिच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवलं. "दुसरी बाई बघ," म्हणले आन निघून आले.

घरी आल्यावर मायला म्हणले, "मेंबराला पाव्हणा नेता येतो. तू चल माझ्यासंगं. माझी काठी हाय, माझा बॉल हाय. मार तू सगळ्यांसमोर. बघू कोण हसतं."

मी लई जोरात म्हणले. मला ते दिसायला लागल्तं. माय, काठी, सगळे गप्प.

"न्हाई," माय म्हणली. "मला तव्हा मारायचं व्हतं."

"आता मार की."

"आता गुडघे दुखतेत. आन आता मारलं तर ते टाळ्या वाजवतील. तसल्या टाळ्या मला नको."

मी परत विचारलं न्हाई. तिचं जे गेलं ते मी आणून देऊ शकत नव्हते. कुणीच देऊ शकत न्हाई. हे मानायला मला जड गेलं, पण खरं तेच हाय.

वर्धापनदिनाला मी एकटी गेले. सकाळचा कार्यक्रम, पहिल्या होलजवळ मांडव घातल्ता. मी पुढच्या रांगेत बसले. काहींना वाटलं, आली म्हणजे विसरली. दोघी-तिघी माझ्याकडं बघून गोड हसल्या.

मंजिरी जरीच्या लुगड्यात आली. आईसारखीच दिसून राह्यली होती. तिनं काठी उचलली, चुकवली, माती उडाली. टाळ्या. आबासाहेबांनी रुमाल डोळ्याला लावला.

मंग दगड वेचणारी बाई आली. एका मेंबराची सून होती, गोरी, बावीस-तेवीसची. तोंडाला, हाताला काळपट रंग फासून आल्ती. डोक्यावर तेच घमेलं. तिनं पदर खोवला, मान वाकडी केली आन आमची बोली तोंडात घोळवून म्हणली, "साहेब, म्या बी मारू का?"

सगळा मांडव हसला.

मी उभी राह्यले. आजपर्यंत मी ह्या क्लबात पुस्तकातलं मराठी बोलत आल्ते. "नाही", "आहे", "होते". त्या दिवशी घरचं तोंडात आलं, आन मी ते अडवलं न्हाई.

"ती बाई माझी माय हाय. कौसाबाई तिचं नाव. ह्या मांडवाखालचे दगड तिनं वेचले. तिनं काठी मागितली तव्हा तुमच्यातलाच एक जण म्हणला, मंग काठी धुवावी लागंल. तो कोण, ते आबासाहेबांना ठाऊक हाय. एवढं नाटकात राह्यलं होतं, ते मी सांगितलं. आता हसा. तुमचं हसून होईपर्यंत मी उभी हाय."

कोणी हसलं न्हाई. ती सून घमेलं धरून तशीच उभी. कुणी तरी घाईनं स्पीकरवर गाणं लावलं.

आबासाहेब माझ्याकडं न बघता म्हणले, "बसा डॉक्टरीणबाई. नाष्टा थंड होतोय."

आन सगळे नाष्ट्याला गेले. हो, एवढंच झालं. माफी न्हाई, भांडण न्हाई. उपमा होता, जिलेबी होती. मी उभी होते, आन लोक माझ्या दोन्ही बाजूंनी प्लेटी घेऊन जात होते.

गाडीजवळ मंजिरीनं मला गाठलं. जरीच्या लुगड्यातच होती. काजळ ओघळलेलं.

"आज माझ्या आईचा दिवस होता. तू तो घाण केलास."

मी दार उघडलं.

"किती वर्षं तुला सोबत घेऊन चालले मी," ती म्हणली. "शाळेपासून. इथं तुला कोणी आणलं? आणि तू... खरं सांग. तू जळतेस ना माझ्यावर? पहिल्यापासून जळतेस."

शाळेपासून मी ह्याच एका प्रश्नाला भ्यायचे. तिला कळलं तर? तिनं विचारलं तर? मी काय काय करून हे लपवलं, तिच्यापुढं किती हसले, किती वेळा "बरं" म्हणले. ते "बरं" त्या भीतीतून येत होतं.

"हो," मी म्हणले. "जळते. तुझ्या आईला चुकता आलं आन माझ्या मायला विचारता पण आलं न्हाई, त्याच्यावर जळते. तू आत्ता रडून राह्यलीस आन तुला समजवायला पन्नास माणसं येतील, त्याच्यावर जळते. आन हे काही बंद होणार न्हाई."

मी नाकबूल करीन असं तिला वाटल्तं.

"मग येतेस कशाला इथं?"

"खेळायला."

त्यानंतर सेक्रेटरींचा फोन आल्ता. गोड बोलले. म्हणले, मॅडम, वातावरण थोडं बिघडलंय, आपण स्वतःहून सन्मानानं बाजूला झालात तर सगळ्यांनाच बरं. मी म्हणले, मला तर इथं बरं वाटून राह्यलंय. दवाखान्यात क्लबाचे पेशंट कमी झाले. रविवारी माझ्यासंगं खेळायला कोणी येत न्हाई. एका गटात चौघंच खेळतात, म्हणून "आमचे चार झालेत" म्हणतात. मंजिरी दुरून बघते आन मान फिरवते. कव्हा कव्हा मला तिची आठवण येते, बोरं देणारीची. तरी मी हाक मारत न्हाई.

मायनं एकदा विचारलं, "एकटीच जातीस तर सोडून का देत न्हाईस?" मी म्हणले, "सोडलं की ते माझा पण किस्सा करतील." आता रविवारी मी उठायच्या आधी तिचा चहा तयार असतो.

मी राजीनामा देणार न्हाई. पुढच्या वर्षी ते इतिहास सांगतील तव्हा मी पुढच्या रांगेत असणार. किस्सा गाळला तर मी सांगणार. सांगितला तर मी उभी राहणार. जोवर एक जण हसतो तोवर. मला समाधानी राहा म्हणू नका, मन मोठं कर म्हणू नका, आमच्यातली म्हणू नका. मला कुणी आत घ्यायची गरज न्हाई. मी आत उभी हाय. बाहेर काढायचं असंल, तर काढून दाखवा.